ठिणगीविना जुळलेला पत्रा

मार्च लागला की नागपुरात गच्चीवरचे कूलर खाली उतरतात. नवा वाळा भरायच्या आधी टाकीच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवून बघितलं जातं, गंज कुठवर आलाय ते. वेल्डिंगचा चटका बसलेल्या जागी तो हमखास आधी धरतो.

कारण जस्त. कूलरच्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पोलादी पत्र्यावरचा हा थर ४२० अंश सेल्सिअसला वितळतो आणि ९०७ अंशांना उकळतो. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे पत्रे जुळेपर्यंत त्या जागेवरचं जस्त उडून गेलेलं असतं. त्याचा पांढरा धूर कारागिराच्या छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. ही किंमत कूलरच्या बिलात कुठेच लिहिलेली नसते.

हिंगणा एमआयडीसीतली ही शेड. समोर आहे क्लिंचिंग मशीन, पत्रे न तापवता नुसत्या दाबाने जोडणारं. वर पंच म्हणजे दाबणारा दांडा, खाली डाय म्हणजे खळगा असलेला साचा, मध्ये दोन पत्रे. ऑपरेटर पायाने पेडल दाबतो. पंच काही टनांच्या जोराने उतरतो आणि दोन्ही पत्रे डायच्या खळग्यात रेटतो. तळ लागला की धातूला खाली जायला वाव नसतो, तो बाजूला पसरतो. वरचा पत्रा खालच्याच्या पोटात फुगतो आणि टिचबटणासारखा अडकून बसतो. ठिणगी नाही, धूर नाही, रिव्हेट नाही. हात लावून बघा, सांधा गार आहे.

जर्मनीत अशा जोडणीचं पेटंट १८९७ सालचं आहे. कारखान्यांत ती रुळली मात्र १९८० नंतर.

पंचने उमटलेला सांध्याचा ठिपका चौकोनी असला, तर पत्रा दोन बाजूंनी कापला जातो. गोल ठिपक्यात तो फक्त ताणला जातो, जस्त अंगावर राहतं. पाण्याशी गाठ असलेल्या कूलरला म्हणून गोलच बरा.

सांधा नुसता बघून पारखता येत नाही. ठिपक्याच्या तळाची जाडी गेज या मापकाने मोजायची. जास्त भरली, तर आत अडक नीट बसलेली नाही. फार कमी भरली, तर पत्रा चिरण्याची भीती. शिवाय एका ठिपक्याची ताकद स्पॉट वेल्डपेक्षा, म्हणजे विजेच्या चटक्याने केलेल्या ठिपक्यापेक्षा कमी, त्यामुळे ठिपके वाढवावे लागतात. पंख्याची सततची थरथर मात्र हा सांधा चांगली सोसतो.

खरी अडचण दोन्ही बाजूंनी पोहोचण्याची. बंद पेटीत डाय शिरत नाही. म्हणून बॉडी कुठल्या क्रमाने जोडायची ते आधीच ठरवतात: टाकीचे कोपरे, मग उभे खांब. वरच्या झाकणाला अजूनही स्क्रूच लागतात.