वणई

(दृश्य: पहाट. लिज्जतच्या एका शाखेत भगिनी उडदाचं पीठ मळताहेत.)

उडदाचं पीठ, हिंग, मिरी, मीठ आणि पापडखार. लिज्जत पापड बनवणाऱ्या संस्थेच्या शाखेत दिवस पहाटेच सुरू होतो, तो या पिठापासून. पीठ घट्ट भिजवायचं, चांगलं तिंबायचं आणि वजन करून वाटायचं. संस्थेच्या गाडीतून बायका उतरतात. त्यांच्याजवळ काल घरी लाटून वाळवलेले पापड असतात. शाखेतल्या भगिनी ते पापड हातात घेऊन तपासतात: आकार बरोबर आहे का, कडेला जाड राहिलाय का, नीट वाळलाय का. मग वजन होतं. कालच्या लाटण्याचे पैसे आज द्यायचे, ही इथली जुनी रीत. या पैशाला म्हणतात वणई. नवं पीठ घेऊन गाडी परत फिरते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, यात नवीन ते काय? मुंबईच्या चाळीचाळींतून बायका अशी कामं करतात. कुणी शर्टाला बटणं लावतं, कुणी राख्या बनवतं, नगामागे चार पैसे मिळतात. पण तिथे मधे एक कंत्राटदार असतो. माल त्याचा, भाव तो ठरवणार, नफाही त्याच्याच खिशात. लिज्जतमध्ये ती जागाच रिकामी ठेवलेली आहे. पापड लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची मालक आहे.

(दृश्य: गिरगाव. जुन्या चाळी, गच्च्या, दोरीवर वाळणारे कपडे.)

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासची गच्ची. सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने, समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून घेतलेले. सगळे त्यांना छगनबापा म्हणत. पहिल्या दिवशी तयार झाली पापडांची चार पाकिटं.

या बायकांचं शिक्षण बेताचं होतं. घर, मुलं, स्वयंपाक सोडून दिवसभर बाहेर राहणं जमणारं नव्हतं. त्या काळी अशा बाईला कोणती कचेरी नोकरी देणार होती? त्यांना येत होतं ते लाटणं, आणि त्यांनी त्याचाच धंदा केला. सुरुवातीलाच ठरवलं, की तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. देणगी घेतली की देणाऱ्याचा शब्द वरचढ होतो, आणि मालकी हळूहळू सरकते.

मग पाऊस आला. गच्चीवर पापड वाळेनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. भर पावसाळ्यात पापड वाळू लागले.

(दृश्य: पोळपाटावर पापड लाटणारे हात, जवळून.)

या खाटेपाशी थोडं थांबूया. दुसऱ्याच्या हाताखाली असत्या, तर पावसात "काम नाही, घरी बसा" एवढाच निरोप आला असता. इथे अडचणही त्यांची होती आणि तोडगा काढायचा हक्कही त्यांचाच. नोकरीत पगार मिळतो, वेळेवर मिळतो, त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण आपल्या कामाबद्दल निर्णय घेण्याचा हक्क बहुतेक वेळा दाराबाहेरच ठेवून आत जावं लागतं. माणूस नोकरीत कोमेजतो तो बऱ्याचदा याच कारणाने, आणि पगार वाढला म्हणून हे दुखणं बरं होत नाही.

लिज्जतमध्ये नफाही भगिनींचा आणि तोटाही. नफा कधीकधी सोन्याच्या नाण्यांच्या रूपातही वाटला गेला. निर्णय एकमताने घ्यायची पद्धत आहे. वाहनचालक, हिशेबनीस अशा कामांवर पुरुष आहेत, पण ते पगारी नोकर. सभासद फक्त स्त्रिया.

काम सोपं नाही. तासन्‌तास मांडी घालून बसायचं, कंबर धरते, मनगटं भरून येतात. वणई वजनावर असते, त्यामुळे कमी लाटलं तर कमी पैसे. तरीही कधी लाटायचं हे घरातली बाई ठरवते. मुलांना शाळेत सोडून आल्यावर दुपारी बसेल, सासूबाई आजारी असतील तर उद्या कमी पीठ घेईल. आणि वणईचे पैसे आधी तिच्या हातात पडतात. घरात तिचं बोलणं त्यानंतर वेगळ्या कानांनी ऐकलं जातं.

(दृश्य: शाखेबाहेर रांग, गाडीत चढणाऱ्या भगिनी.)

१९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. गच्चीवरच्या त्या सातजणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आज देशभरातल्या सुमारे ४५ हजार स्त्रिया या संस्थेच्या सभासद आहेत.

सभासद व्हायला पदवी लागत नाही, अनुभवाचा दाखला लागत नाही. संस्थेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची, पापड वाळवायला घरात स्वच्छ जागा आहे हे दाखवायचं, आणि पीठ घेऊन कामाला लागायचं.