गच्चीवरची छोटी लाईन

नागपूरच्या कडबी चौकाच्या मागच्या गल्लीतली ही गच्ची आणि कमरेएवढ्या लाकडी स्टँडवरून गोल फिरतोय तो मोठेबाबांचा रूळ. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, सगळी नोकरी रेल्वेत फिटर म्हणून झाली आणि रिटायर झाल्यावर आठ वर्षं बसून त्यांनी त्यावर चालणारं हे छोटं वाफेचं इंजिन स्वतःच्या हातानं बनवलं.

बंगाल नागपूर रेल्वेच्या सीसी क्लास या जुन्या इंजिनावरून केलंय ते. पुढं चार लहान चाकं, मधे सहा मोठी, मागं दोन. नागपूरची छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, दोन रुळांमधे अडीच फुटाची, म्हणजे ७६२ मिलीमीटर, आणि गच्चीवरचा रूळ ४५ मिलीमीटर, भागाकार करा, साधारण सतरावा हिस्सा येतो, तर इंजिनाचं सगळं मोजमाप त्याच हिशोबानं घेतलंय. खरी गाडी आता कुठंय, नागभीडची छोटी लाईन २०१९ मधे बंद झाली, मोतीबागच्या रेल्वे म्युझियममधे जुनी इंजिनं उभी आहेत पण थंड. हे मात्र खऱ्या वाफेवर चालतं. टेंडरमधे, म्हणजे इंजिनामागच्या जोडडब्यात, ब्युटेन गॅस, तांब्याचा बॉयलर, चौरस इंचाला ४० पौंड प्रेशर, आणि त्या प्रेशरला आतलं पाणी १४० डिग्रीच्या वर गेलेलं असतं.

मे महिन्यात, सकाळी साडेनऊला, हे इंजिन इथं घसरलं आणि स्टँडवरून खाली फरशीवर पडलं. डाव्या अंगावर. मी कॅमेरा टाकून इंजिन उचलायला धावले तर मोठेबाबा ओरडले, "हात नको लावू, आधी गॅस बंद कर!" इंजिन आडवं झालं की पाणी एका बाजूला जातं, वरचं तांबं उघडं पडतं, आणि खाली ज्योत चालूच असते. गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मग आम्ही दोघं अर्धा तास नुसते बसून राहिलो, ते गार होईपर्यंत.

मला वाटलं आता ते इंजिन खोलतील. नाही. इंजिन त्यांनी जुन्या चादरीवर ठेवलं, आणि गुण्या, व्हर्नियर, सुतळी घेऊन रुळाकडे गेले. मी म्हटलं, मोठेबाबा, तुटलंय तर इंजिन. तर म्हणाले, "पोरी, काऊन घाई करून राहिली? ते पडलं कुठं हे समजल्याशिवाय नीट केलं तर परत पडंल."

सुतळी ताणली आणि सरळ दिसणारा रूळ सरळ नव्हताच. चार मीटरच्या सरळ भागात मधोमध बाहेर फुगलेला, डोळ्याला न दिसणारा, बोटाला जाणवणारा बाक. रूळ पितळेचा आहे, आणि पितळ एका डिग्रीला मीटरमागं ०.०१९ मिलीमीटर वाढतं, ऐकायला काहीच नाही, पण डिसेंबरच्या सकाळी १५ डिग्रीत टाकलेला रूळ मे महिन्याच्या उन्हात ६० ला गेला की चार मीटरमागं जवळजवळ साडेतीन मिलीमीटर होतात. ती वाढ जॉइंटच्या फटीत जायला हवी होती. आणि फटी मीच बुजवल्या होत्या, हिवाळ्यात व्हिडिओ काढताना खटखट आवाज येऊ नये म्हणून फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, सैल करून रूळ एकमेकांना भिडवले होते. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले खरी लाईनही उन्हाळ्यात अशीच फुगते, म्हणून तर रूळ तपासणारा गँगमन भर दुपारी चालत जातो.

पुढची चार लहान चाकं सगळ्यात आधी वळण घेतात आणि त्यांच्यावर वजन कमी, म्हणून बाकाशी आधी त्यांचाच फ्लँज, म्हणजे चाकाची आतली कड, रुळावर चढला.

मग इंजिन. बाहेरून दिसत होतं वाकलेलं बफर बीम, म्हणजे टोकाची आडवी पट्टी, तुटलेली पायरी आणि डाव्या बाजूचा साइड रॉड, म्हणजे मोठ्या चाकांना एकत्र जोडणारा दांडा, थोडासा धनुष्यासारखा. खरं नुकसान आत होतं. साइड रॉड काढून एकेक एक्सल, म्हणजे चाकांचा आस, बोटानं फिरवला, सगळे मोकळे. परत रॉड लावले तर एका जागी अडकतं. म्हणजे मधल्या एक्सलवर चाक किंचित सरकलंय. वाफेच्या इंजिनात उजव्या आणि डाव्या क्रँकमधे, म्हणजे पिस्टनचा जोर चाकाला जिथं लागतो त्या जागांमधे, ९० अंशांचा फरक ठेवतात, कारण एक पिस्टन टोकाला जाऊन ताकद देईनासा झाला की दुसरा मधे असतो, इंजिन कुठल्याही जागी उभं राहिलं तरी पुन्हा निघतं. आणि हा फरक तिन्ही एक्सलवर अगदी सारखा लागतो, एकही थोडा चुकला की रॉड चाकांशी भांडतात.

ते चाक बसवायला चार दिवस गेले. लाकडाच्या ठोकळ्यात एक्सल आडवा धरायचा, एका बाजूची क्रँक पिन उभ्या पट्टीला टेकवायची, दुसरी आडव्या पट्टीला, तसंच ठेवून रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे चाक एक्सलवर पक्कं धरणारा गोंद, लावायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. दोनदा चुकलं, दोनदा उतरवलं. तिसऱ्यांदा रॉड बसवून बोटानं ढकललं, आणि चाकं आवाज न करता फिरली, तेव्हा मोठेबाबांनी चष्मा काढून पुसला. तो शॉट मी ठेवलाय.

वाकलेला साइड रॉड त्यांनी सरळ केला नाही, नवीन कापला, कारण वाकलेला रॉड दिसायला सरळ झाला तरी दोन भोकांमधलं अंतर तेच राहिलं असेल याचा भरवसा नसतो.

आणि बॉयलर. याच्यावर ते कुणाचंही ऐकत नाहीत. पडलेला बॉयलर पेटवायचा नाही, आधी थंड पाण्यानं काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि हातपंपानं ६० पौंडापर्यंत दाब द्यायचा, म्हणजे कामाच्या दीडपट. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून कुठं चीर असेल तर नुसतं ठिबकतं, फुटत नाही. वाफ असती तर तीच चीर जीव घेऊ शकते. काटा ६० ला थांबला, दहा मिनिटं आम्ही काट्याकडे बघत राहिलो, हलला नाही. मग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या दादांचा छोटा कंप्रेसर आणून चाकं हवेत ठेवून नुसत्या हवेवर इंजिन फिरवलं.

रूळ दोघांनी मिळून परत टाकला. यावेळी जूनच्या संध्याकाळी, ३० डिग्री असताना, दोन मीटरच्या प्रत्येक तुकड्यामागं सव्वा मिलीमीटर फट सोडून.

ही आज सकाळची गोष्ट, रात्री पाऊस पडून गेलाय. डिस्टिल्ड वॉटर भरलं, ल्युब्रिकेटरमधे स्टीम ऑइल, गॅस पेटवला. मे महिन्यात चिमणीतली वाफ कोरड्या उन्हात लगेच विरून जायची, दिसायचीच नाही. आज बघा, पांढरी शुभ्र, जाड, गच्चीच्या कठड्याला लागून हळूहळू जातीये. पहिला फेरा झाला. जॉइंटवर खट, खट. मोठेबाबांनी इंजिन थांबवलं, खिशातून फट मोजायचा फीलर गेज काढला आणि वळणाच्या फटीत सरकवून बघितला.