फ्लॅशचे तोंड वळवताना

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातील एक जुने घर. ओसरीवर हळदीची तयारी.)

दिवेलागणीची वेळ झाली आहे. ओसरीवर दोन ट्यूबलाइट जळत आहेत, नवरी पाटावर बसली आहे आणि तिच्याभोवती बायकांची इतकी दाटी झाली आहे की तिच्या चेहऱ्यावर पुरेसा उजेडच पडत नाही. छायाचित्रकार कॅमेऱ्याचा अंगचा, म्हणजे कॅमेऱ्यातच बसवलेला फ्लॅश उघडतो आणि बटण दाबतो. चित्र स्वच्छ येते, पण नवरीचे कपाळ चकाकते, नाक चपटे भासते, आणि मागच्या भिंतीवर तिच्या डोक्याची कडक काळी सावली चिकटून बसते.

हे सगळे दोष प्रकाशाच्या दिशेमुळे आले आहेत. अंगचा फ्लॅश लेन्सच्या जेमतेम चार बोटे वर असल्यामुळे त्याचा उजेड कॅमेऱ्याच्याच नजरेने समोरच्या माणसावर पडतो आणि चेहऱ्याला गोलाई देणाऱ्या हलक्या सावल्या पुसून टाकतो. बाह्य फ्लॅश घेण्याचे सर्वांत मोठे कारण, आमच्या मते, त्याची ताकद हे नसून त्याची फिरणारी मान हे आहे.

(दृश्य : हॉट शूमध्ये फ्लॅश बसतो, त्याचे डोके वर वळते.)

कॅमेऱ्याच्या माथ्यावरील हॉट शूमध्ये फ्लॅश बसवून त्याचे डोके पांढऱ्या छताकडे वळवले की छताचा तेवढा मोठा भागच दिवा होतो, आणि तिथून परतणारा उजेड पसरट, मऊ होऊन खाली उतरतो. अगदी उभा वर मारलेला फ्लॅश डोळ्यांच्या खोबणीत अंधार साठवतो. म्हणून डोके थोडे मागे किंवा बाजूच्या भिंतीकडे कलते ठेवावे. मात्र उजेड ज्या पृष्ठभागावरून परततो त्याचा रंगही तो सोबत घेऊन येतो. मांडवाच्या केशरी कापडावरून परतलेला उजेड नवरीच्या चेहऱ्यावर हळदीच्या आधीच हळद चढवतो, आणि हा रंग नंतर संगणकावर सहजी निघत नाही. महालातल्या या घराला तर काळपट सागवानी छत आहे, जे बहुतेक उजेड गिळून टाकते. अशा ठिकाणी कुणाच्या तरी हाती थर्माकोलची पांढरी शीट द्यावी आणि फ्लॅश तिच्यावर मारावा. लग्नघरात मदतीला हात कमी पडत नाहीत.

फ्लॅशची पोच गाइड नंबरवरून, म्हणजे त्याची ताकद सांगणाऱ्या आकड्यावरून कळते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) १०० ला गाइड नंबर ३६ असलेला फ्लॅश एफ/४ या छिद्रावर सरळ मारला तर ३६ भागिले ४, म्हणजे ९ मीटरपर्यंत पुरतो. अंगच्या फ्लॅशचा हा आकडा साधारण १२ असतो, म्हणून त्याची धाव तिथे ३ मीटरवर संपते. छतावरून मारताना फ्लॅशपासून छत आणि छतापासून चेहरा असे दोन्ही अंतर मोजावे लागते, शिवाय वाटेत उजेड विखुरतो तो वेगळाच. आयएसओ ४०० केला की हीच पोच दुप्पट होते, आणि पूर्ण ताकदीने पुन्हा पुन्हा फ्लॅश मारण्याची गरज कमी होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण आधीच तापलेला फ्लॅश सलग वापरला तर ऐन विधीच्या वेळी मंदावतो किंवा थोडा वेळ बंद पडतो.

(दृश्य : तान्हा पोळ्याचा दिवस. मारबतीची, म्हणजे इडापीडेचे प्रतीक म्हणून मिरवल्या जाणाऱ्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक, डोक्यावर ऊन.)

भर उन्हात फ्लॅश कशाला, असे अनेकांना वाटते. पण ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडणाऱ्या या तरुणाकडे जवळून पाहा : कपाळ उन्हात लखलखते आहे आणि भुवयांखाली डोळे दिसतच नाहीत. ती सावली भरून काढायला हवी. अडचण शटरची आहे. डीएसएलआरचे शटर दोन पडद्यांचे असते, आणि साधारण १/२०० सेकंदाच्या पुढे दुसरा पडदा पहिला पूर्ण उघडण्याआधीच निघतो, त्यामुळे चित्रावर काळा पट्टा येतो. म्हणून आयएसओ १००, शटर १/२०० आणि कडक उन्हासाठी एफ/११ ठेवायचे. ३६ ला ११ ने भागले की सव्वातीन मीटर उरतात. म्हणजे त्या तरुणाच्या जवळ जावेच लागते. हाय स्पीड सिंक वापरून शटर वाढवता येते, पण त्यात फ्लॅश अनेक तुकड्यांत जळतो आणि ताकद बरीच घटते.

आता काळी मारबत समोर येते. टीटीएल (‘थ्रू द लेन्स’, लेन्समधून आलेला उजेड मोजून ताकद आपोआप ठरवण्याच्या) पद्धतीत फ्लॅश आधी एक छोटी चमक सोडून परतलेला उजेड मोजतो आणि समोरची वस्तू मध्यम करड्या छटेची आहे असे धरून चालतो. फ्रेमभर काळा चेहरा असला की त्याला उजेड कमी वाटतो, तो जास्त मारतो, आणि काळी मारबत राखाडी होते. म्हणून फ्लॅशची भरपाई, म्हणजे त्याची ताकद कमी-जास्त करणारा आकडा, उणे १ वर न्यावी. पिवळी मारबत आली की तो उणे काढून टाकावा, आणि रंग फारच फिकट, उजळ असेल तर थोडी अधिक बाजू धरावी. उणे १ वर काढलेल्या या चित्रात काळा रंग काळाच राहिला आहे, आणि गालावर कुंचला कुठून कुठे फिरला तेही दिसते.