मार्सेलिस एवढं जुनं, मग जुनी घरं गेली कुठे?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच कमेंट पुन्हा पुन्हा येतेय: "ताई, फ्रान्सचं हे मार्सेलिस २,६०० वर्षांचं शहर म्हणता, आणि बंदरावर तर सगळ्या म्हाडासारख्या इमारती!" बरोबर बघितलंत. टाउन हॉलच्या बाजूच्या त्या इमारती १९५० च्या आसपासच्याच आहेत.

आधीचा इतिहास पटकन. इ.स.पू. ६०० च्या सुमारास फोकाइआच्या (आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं शहर) ग्रीकांनी शहर वसवलं, मग रोमन आले, पुढे फ्रान्स. आणि हो, सावरकरांची ८ जुलै १९१० ची उडी याच शहराच्या बंदरातली. त्यावर वेगळा व्हिडिओ करतेय, जरा धीर धरा.

आता जुन्या घरांचं. "बॉम्बिंगमध्ये गेली असतील" असं खूप जण लिहितात. नाही हो! दुसऱ्या महायुद्धात, मे १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांचे बॉम्ब पडले ते खरं, पण बंदराजवळची ही जुनी वस्ती त्याच्या वर्षभर आधीच गेली होती. जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांच्या हुकमावरून फ्रेंच पोलिसांनी गल्ल्या घेरल्या आणि वीस हजारांहून जास्त माणसं घराबाहेर काढली. गोदी कामगार, इटलीहून आलेली कुटुंबं, म्हातारेकोतारे. बऱ्याच जणांना फ्रेजूसच्या छावणीत नेलं. शहरभरातून पकडलेल्यांपैकी जवळपास ८०० ज्यू सोबिबोरच्या मृत्युछावणीत गेले. मग फेब्रुवारीत सुरुंग लावून सुमारे १,५०० घरं उडवली.

पटत नसेल तर नकाशा उघडा. केसरी नावाचा रस्ता शोधा. त्याच्या खालची वस्ती साफ, आणि वरचा ल पानिए हा जुना मोहल्ला आजही अरुंद बोळांसकट उभा. बॉम्ब अशी रेघ आखून पडतात का?

आता पाडलेल्या भागात उरलेल्या इमारती बघा, त्याही निवडून ठेवलेल्या. सतराव्या शतकातला टाउन हॉल ठेवला. १५३५ चा ओतेल द काब्र हा वाडाही ठेवला. पुढे १९५४ मध्ये नव्या रस्त्याच्या रेषेत यावा म्हणून हा अख्खा दगडी वाडा जागेवरून उचलून ९० अंशांत फिरवला! मी त्याच्या कोपऱ्यावर बराच वेळ उभी होते. माणसांना एका दिवसात हाकललं आणि वाड्यासाठी एवढा खटाटोप, हे काही केल्या पचत नाही.

मलबा हटवल्यावर खाली रोमन काळातली गोदामं सापडली. माणूस आत सहज उतरेल एवढे दारूचे मातीचे रांजण, अजून रांगेत, जमिनीत रोवलेले. आज तिथे संग्रहालय आहे. एका दादांनी लिहिलं, "म्हणजे फायदाच झाला की." दादा, वर राहणाऱ्यांना कुणी विचारलं होतं?

मी "बॉम्बिंग" शब्दावर अडून बसते ते याचसाठी. बॉम्बिंग म्हटलं की हुकूम कुणाचा, दारं कुणी ठोठावली, हे कुणी विचारतच नाही. तिथल्या वाचलेल्या लोकांनी ते विचारलं. त्यांच्या तक्रारीवरून २०१९ मध्ये पॅरिसच्या सरकारी वकिलांनी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची चौकशी सुरू केली. घडल्यावर ७६ वर्षांनी.