आईच्या आईच्या आईचं नाव

(दृश्य: रावेर तालुका. सकाळची केळीबाग. ओळीत उभी, एकाच उंचीची झाडं. पाटाच्या पाण्याचा आवाज.)

निवेदन:

केळीच्या बागेत बी पेरत नाहीत. झाडाच्या बुंध्याशी पील फुटतं, त्यातूनच पुढचं झाड येतं. पिलबाग धरायची नसेल, तर टिश्यूकल्चरची, म्हणजे केळीच्याच तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं आणायची. दोन्हीकडे गोष्ट एकच. या रोपाला बाप नाही. ज्या कंदातून ते फुटलं, त्या कंदाचा डीएनए जवळजवळ जसाच्या तसा त्याच्यात उतरतो. या बागेत हजारो झाडं दिसतात खरी, पण ते एकच झाड आहे, हजारो ठिकाणी उभं असलेलं.

म्हणून घड सारखे, फण्या सारख्या, कटाई एका वेळी. आणि म्हणूनच एका झाडाला बाधणारा रोग सगळ्या बागेला बाधू शकतो. सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणू आला, की उभी रोपं उपटून बांधावर टाकावी लागतात. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

(दृश्य: शाळेची प्रयोगशाळा. दहावीचा वर्ग. टेबलावर केळी, मीठ, भांडी घासायचा लिक्विड साबण, गाळायला फडकं.)

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आहे, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. या शाळेतल्या मॅडम त्याची सुरुवात फळ्यापासून करत नाहीत. पिकलेलं केळं कुस्करायचं. त्यात पाणी, चिमूटभर मीठ आणि थोडा साबण घालून हलक्या हातानं ढवळायचं, फेस येऊ द्यायचा नाही. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं, ते साबणानं फुटतं. मग फडक्यातून गाळायचं आणि बर्फात गार केलेलं स्पिरिट काचेच्या कडेनं हळूच सोडायचं.

(दृश्य: परीक्षानळी. दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू वर येतात. काही क्षण निवेदन नाही.)

हा केळीचा डीएनए. हा एकच धागा नव्हे, असंख्य पेशींमधले धागे एकमेकांत गुंतून डोळ्यांना दिसतील एवढे झालेत.

मागच्या बाकावरचा एक मुलगा विचारतो, “मॅडम, आपला बी असाच दिखस का?”

हो, असाच. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. आईकडून आलेल्या २३ गुणसूत्रांवर, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्यांवर, सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात (ए, टी, जी, सी ही डीएनएची चार रासायनिक अक्षरं), बापाकडून आलेल्या २३ वर जवळपास तेवढीच. पण माणूस म्हणजे केळीचं पील नाही. आई आपल्या प्रत्येक जोडीतलं एकेक गुणसूत्र देते, आणि कोणतं द्यायचं याच्या ८३ लाख ८८ हजार ६०८ तऱ्हा होतात. बापाच्याही तेवढ्याच. शिवाय देण्याआधी जोडीतली गुणसूत्रं आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात, ती वेगळीच. म्हणून एक मुलगा आईवर जातो आणि त्याच्या पाठच्याला बघून आजी म्हणते, “हाऊ पोऱ्या बापवर गया.”

मॅडमनी एक गोष्ट जाणून टाळली आहे. जीभ गोल वळवता येते का, कानाची पाळी चिकटलेली आहे का, घरी आईबाबांची बघून या, हा खेळ वर्षानुवर्षं चालत आलाय. पण ही लक्षणं एका जनुकावर, म्हणजे डीएनएच्या एकाच तुकड्यावर, चालत नाहीत. एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला नाही, असं आढळलेलं आहे. एखादं मूल घरी जातं, आरशात बघतं आणि आपण या घरचे नाही की काय, असा घोर लावून घेतं. चुकीच्या उदाहरणापायी मुलाला ही रात्र का काढायला लावायची?

(दृश्य: गाडी तापी ओलांडते. शहादा मागे पडतं. सातपुड्याचा घाट. नंदुरबार जिल्ह्यातली एक आश्रमशाळा.)

इथे आनुवंशिकता परीक्षेपुरती राहत नाही. या डोंगरातल्या काही घरांत तिचं नाव सिकलसेल आहे.

रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं. जिथे ए हवा, तिथे टी. तेवढ्यानं प्रथिनाच्या साखळीतला सहावा मणी बदलतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन कमी झाला की गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. थंडीत, ताप आला की, पाणी कमी प्यालं की हातपाय आणि कंबर असह्य दुखू लागते. वर्गात कळवळणारं असं मूल ढोंग करत नसतं, हे आधी शिक्षकाला कळायला हवं.

मग हा जनुक इथे टिकला कसा? उत्तर मलेरियात आहे. ज्याच्याकडे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असते, तो वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट लहानपणी जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक वाचले. यात कुणाचं पाप नाही, कुणाचा शाप नाही.

(दृश्य: वर्गात जमिनीवर बसलेली मुलं. मध्ये खडूनं आखलेले दोन रकाने. मुठींत फोडलेले चिंचोके.)

इथले सर चिंचोक्यांचा खेळ घेतात. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, एक तपकिरी. दोन मुलं बसली, एक आई, एक बाप, दोघंही वाहक. दोघांनी आपापला चिंचोका टाकायचा. दोन्ही तपकिरी पडले तर मूल निरोगी. एक पांढरा, एक तपकिरी पडला तर वाहक. दोन्ही पांढरे पडले तर मूल सिकलसेलग्रस्त.

चिंचोक्याची पाठ गोलसर असते, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी सारखा पडत नाही. हे मुलांनीच पकडलं. आता सर नियम समजावायला चिंचोके देतात आणि मोजायला रुपयाची नाणी.

(दृश्य: नाणी उडतात. वहीवर खुणा. मुलांचा गलका.)

एका गटात पहिल्या दोन्ही डावांत सिकलसेलग्रस्त मूल आलं. दुसऱ्या गटात ओळीनं नऊ डावांत एकदाही नाही. सगळ्या गटांची बेरीज फळ्यावर आली, तेव्हा आकडा चौथ्या हिश्शाच्या आसपास सरकला. सरांना हेच दाखवायचं होतं. ‘चारांत एक’ म्हणजे एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन बिनघोर, असं नाही. प्रत्येक बाळंतपणाला डाव नव्यानं मांडला जातो.

आणि या डावात दोन चिंचोके लागतात. मूल सतत आजारी पडलं की गावात पहिलं बोट सुनेकडे जातं. पण एका बाजूचा पांढरा पडून हा आजार होतच नाही. सर हे वाक्य दोनदा म्हणतात. आमच्या कॅमेऱ्यासाठी नाही. समोरच्या मुली ते घरी घेऊन जाणार आहेत, म्हणून.

तपासणी सोपी आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून औषधाच्या नळीत घालायचं आणि नळीमागे आखलेल्या रेषा दिसतात का ते बघायचं. द्रव गढूळ झाला, रेषा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी. वाहक की ग्रस्त, ते तिच्यात कळतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. सरांची इच्छा एवढीच, की सोयरीक ठरण्याआधी दोघांनाही आपला निकाल माहीत असावा. कोणाचा निकाल काय, हे मात्र ते वर्गात कधीही विचारत नाहीत.

(दृश्य: चाळीसगावजवळ पाटण. जंगल, जुनं मंदिर, शिलालेखाच्या ओळी.)

आता थोडं मागे जाऊ. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा पाटणचा हा शिलालेख. नातू चांगदेवानं आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. तिच्यात घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रमापासून खाली एकेक नाव. सगळी पुरुषांची.

आईबाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्यावर आठ. दहा पिढ्यांवर १,०२४ जागा. तीस पिढ्यांवर, म्हणजे साधारण यादवांच्या काळात, १०७ कोटींहून जास्त. एवढी माणसं तेव्हा जगातच नव्हती. याचा अर्थ तीच माणसं वेगवेगळ्या जागांवर पुन्हा पुन्हा येतात, आणि तुमची आणि माझी झाडं कुठेतरी गुंततात. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी दक्षिण आशियातल्या ७३ समूहांचा डीएनए तपासून हेच सांगितलं. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले समूह मोठ्या प्रमाणावर मिसळले, अगदी भिल्लांसारखे एकीकडे राहिलेले मानले जाणारे समूहसुद्धा. जातीतल्या जातीत लग्नाची कुंपणं नंतरची. शुद्ध रक्ताची भाषा करणाऱ्यांनी हा आकडा वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: पुन्हा आश्रमशाळा. संध्याकाळ. कागदावर काढलेल्या चौकटी.)

पेशीत आणखी एक छोटा डीएनए असतो, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा. १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. तो फक्त आईकडून येतो. मुलालाही मिळतो, पण पुढे जातो लेकीकडूनच. शिलालेखानं ज्यांना जागा दिली नाही, त्या बायकांची साखळी प्रत्येकाच्या पेशीत न तुटता चालत आलेली आहे.

सरांनी घरचा अभ्यास दिला, आईच्या आईच्या आईचं नाव लिहून आणा. ज्यांना घरचं सांगायचं नसेल, त्यांनी केळीच्या बागेचं झाड काढायचं.

बहुतेकांच्या दोन चौकटी भरल्या आणि तिसरी कोरी राहिली. एका मुलीनं सुटीत घरी गेल्यावर आजीला विचारलं. आजीनं स्वतःच्या आईचं नाव सांगितलं. त्याच्याही आधीची कोण, ते तिला आठवेना. बराच वेळ ती चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, नाव नाही माहीत, पण ती तोरणमाळकडची होती.

(दृश्य: कागदाचा जवळून घेतलेला भाग. पेन्सिलनं एक चौकट वाढवलेली. तिच्यात एक शब्द.)

मुलीनं कागदावर चौथी चौकट काढली आणि तिच्यात लिहिलं, ‘तोरणमाळची’.