कॅरोलाइन क्वायनरचा माग

नमस्कार श्रोतेहो.

घराण्याचा इतिहास शोधायला बसलेल्या माणसाला पुरुष लवकर सापडतात आणि बायका उशिरा. कारण उघड आहे. जमिनीचा व्यवहार, करपट्टी, मतदान, फौजेतली भरती आणि कोर्टकचेरी ज्यांच्या नावे चालत असे, त्यांचीच नावे दप्तरांत राहिली. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात, म्हणजे विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, कॅन्सस, डकोटा अशा शेतीप्रधान मुलखात एकोणिसाव्या शतकात राहिलेल्या बाईच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. लग्नात तिचे आडनाव बदलते आणि कुटुंब दर चार-दोन वर्षांनी गाडा जुंपून नव्या मुलखात निघते, त्यामुळे एका जिल्ह्याच्या कचेरीत तिचे सगळे आयुष्य कधीच सापडत नाही. अशा बाईचा माग कसा काढतात, हे आज एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

उदाहरण आहे कॅरोलाइन लेक क्वायनर या बाईचे. तिचा जन्म 12 डिसेंबर 1839 रोजी विस्कॉन्सिनमधील ब्रुकफील्ड येथे झाला, आणि 20 एप्रिल 1924 रोजी दक्षिण डकोटातील डी स्मेट या लहान गावात तिचे निधन झाले. तिची दुसरी मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर हिने उतारवयात आपल्या बालपणावर कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या जगभर गाजल्या, म्हणूनच या कुटुंबाची कागदपत्रे संशोधकांनी इतक्या बारकाईने तपासली. एरवी कॅरोलाइन ही तिच्या पिढीतल्या लक्षावधी शेतकरी बायकांसारखीच एक होती, आणि तिच्यासाठी ज्या वाटा उपयोगी पडल्या त्याच इतरांसाठीही पडतात.

सुरुवात जनगणनेपासून करावी लागते. अमेरिकेत 1790 पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते, पण 1840 पर्यंत तीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बाकीची माणसे वयाच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी दाखवली जात. म्हणजे 1840 च्या कागदावर काही महिन्यांची कॅरोलाइन असेल, तर ती 'पाच वर्षांखालील मुली' या रकान्यातला एक आकडा म्हणून. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव लिहायची पद्धत 1850 पासून सुरू झाली, आणि नवल म्हणजे गुलामांची नावे तेव्हाही लिहिली गेली नाहीत. कॅरोलाइनच्या बाबतीत मधल्या दहा वर्षांत दोन घटना घडल्या होत्या. वडील हेन्री क्वायनर 1845 मध्ये मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेले, आणि आई शार्लट टकर हिने 1849 मध्ये फ्रेडरिक होलब्रुक नावाच्या शेतकऱ्याशी दुसरे लग्न केले. त्यामुळे पुढची घरपट्टी, जमीन आणि शिरगणती सावत्र वडिलांच्या नावाने चालते. क्वायनर या नावाचाच पाठपुरावा करणारा शोधकर्ता येथे अडतो. विधवा बाईने पुन्हा संसार मांडला असेल ही शक्यता मनाशी धरल्याखेरीज ही पोर पुन्हा सापडत नाही.

माहेरची बाजू हाती लागली की सासरची बाजू उलगडणे सोपे जाते, कारण खेड्यापाड्यांत सोयरिकी शेजारातच होत. कॅरोलाइन 1 फेब्रुवारी 1860 रोजी विस्कॉन्सिनमधील कन्कॉर्ड येथे चार्ल्स इंगल्स याच्याशी विवाहबद्ध झाली. त्याच्या आदल्या वर्षी तिचा भाऊ हेन्री याने चार्ल्सची बहीण पॉली हिच्याशी लग्न केले होते, आणि पुढच्या वर्षी तिची बहीण एलायझा हिने चार्ल्सचा भाऊ पीटर याच्याशी केले. आपल्याकडच्या साटेलोट्याला लाजवील असा हा मामला आहे. पण शोधकर्त्याला त्याचा फायदाच होतो, कारण कॅरोलाइनचा एखादा कागद मिळाला नाही तर एलायझाचा मिळतो, आणि पॉली आणि हेन्रीच्या मुलांच्या वंशजांकडे दोन्ही घराण्यांची पत्रे असण्याचा संभव असतो. माझ्या मते या सगळ्या शोधाचे मर्म इथेच आहे. बाईला एकटीला शोधू नये, तिच्या बहिणी, जावा, नणंदा आणि शेजारी यांना तिच्याबरोबर शोधावे. जे थेट तिच्याच नावाच्या मागे लागतात ते बहुधा लग्नाच्या नोंदीपाशी थांबतात.

शेजाऱ्यांचे महत्त्व कॅन्ससमध्ये फारच स्पष्ट दिसते. इंगल्स कुटुंब 1869 च्या सुमारास कॅन्ससच्या मॉन्टगोमेरी काउंटीत उतरले, पण ती जमीन ओसेज या मूळ रहिवासी लोकांची राखीव जमीन होती आणि सरकारने ती वसाहतवाल्यांसाठी अजून खुली केली नव्हती. त्यामुळे तिथे त्यांच्या नावे ना खरेदीखत आहे, ना दाव्याचा कागद. हे कुटुंब सापडते ते 1870 च्या शिरगणतीत, आणि तिथेही जमिनीच्या किमतीचा रकाना कोरा आहे. येथील जमीन ओसेज लोकांची असून वसाहतवाल्यांचा तिच्यावर हक्क नाही, अशी नोंद शिरगणती करणाऱ्यानेच करून ठेवली आहे. पुढे ज्यांचे जमिनीचे दावे नोंदले गेले अशा शेजाऱ्यांची नावे शिरगणतीच्या क्रमाने नकाशावर मांडून, मधे कोणती जागा रिकामी राहते यावरून इंगल्सांच्या घराचे ठिकाण एका संशोधिकेने विसाव्या शतकात निश्चित केले. मला ही रीत फार आवडते. जिचा स्वतःचा कागद नाही तिचा ठावठिकाणा तिच्या आजूबाजूच्या माणसांनी दाखवला. मात्र त्याच कागदाने हेही सांगितले, की ज्या घरात तिसरी मुलगी कॅरी 3 ऑगस्ट 1870 रोजी जन्मली ते घर दुसऱ्याच्या जमिनीवर उभे होते. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने ही बाजू टाळून पुढे जाऊ नये.

तिथून हे कुटुंब विस्कॉन्सिनला परतले आणि 1874 मध्ये मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्हला गेले. त्या वर्षांत टोळधाडींनी त्या भागातली पिके फस्त केली होती आणि सरकारला धान्यवाटप करावे लागले. 1875 च्या अखेरीस चार्ल्स इंगल्सने आपल्याजवळ काहीही साधन नाही असे शपथेवर लिहून दिले, तेव्हा त्याला पिठाची दोन अर्धी पिंपे मिळाली. त्यांची किंमत 5 डॉलर 25 सेंट धरली होती. कागदावर सही नवऱ्याची आहे. पण 1 नोव्हेंबरला कॅरोलाइनला मुलगा झाला होता, त्याचे नाव चार्ल्स फ्रेडरिक. म्हणजे ते पीठ जिच्या हाती पडले ती ओली बाळंतीण होती आणि घरात आणखी तीन मुली होत्या. अशा कागदावर बाईचे नाव नसले तरी तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की तिची परिस्थिती दिसू लागते.

हा मुलगा 27 ऑगस्ट 1876 रोजी, वर्षाचाही झाला नसताना, दगावला. 1870 च्या शिरगणतीनंतर जन्मलेले आणि 1880 च्या आधी गेलेले मूल कोणत्याही राष्ट्रीय शिरगणतीत सापडत नाही. लॉराच्या कादंबऱ्यांतही तो नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर आयोवातल्या बर ओक गावी हे कुटुंब राहिले तो काळही त्यांत नाही, जिथे 23 मे 1877 रोजी धाकटी ग्रेस जन्मली. घरातल्यांनी सांगितलेली गोष्ट म्हणजे सगळी हकीकत असे समजू नये, ते यासाठी. अशा मुलांचा पत्ता बहुतेकदा घरच्या बायबलमध्ये लागतो. त्या ग्रंथाच्या मधोमध जन्म, विवाह आणि मृत्यू लिहिण्यासाठी कोरी पाने बांधलेली असत, आणि ती पाने भरायचे काम पुष्कळ घरांत बाईच करी.

थोरल्या मेरीच्या अंधत्वाची हकीकतही अशीच तपासून पाहण्याजोगी आहे. कादंबरीत तिची दृष्टी स्कार्लेट फीव्हर या अंगावर लाल पुरळ उठणाऱ्या तापामुळे गेली असे आहे. परंतु 1879 मधल्या स्थानिक वृत्तपत्रातील त्रोटक बातम्या आणि आयोवातील विंटन येथील अंधशाळेच्या नोंदवहीतील 'ब्रेन फीव्हर' ही नोंद यांच्या आधारे, मेंदूचा आणि मेंदूच्या आवरणांचा विषाणूजन्य दाह हे कारण अधिक संभवते असा निष्कर्ष अमेरिकेतील डॉक्टरांनी 2013 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला. गावच्या वृत्तपत्रात कोण आजारी आहे, कोणाकडे कोण पाहुणे आले, रविवारी कोण कोणाकडे जेवले, असल्या बारीकसारीक बातम्या छापत. वाचायला ते रटाळ वाटते, पण बायकांची नावे सरकारी दप्तरापेक्षा तिथे कितीतरी अधिक सापडतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने अशी जुनी वृत्तपत्रे मोठ्या संख्येने मोफत पाहण्यासाठी उपलब्ध केली आहेत.

डी स्मेटला आल्यावर मात्र कागद वाढतात. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येई आणि पाच वर्षे राहून ती कसल्यावर मालकी मिळे. अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित बायकांना ही मागणी स्वतःच्या नावे करता येई. नांदत्या बायकोला सहसा येत नसे. चार्ल्सने 1880 मध्ये मागणी नोंदवली आणि 1886 मध्ये पुरावा दाखल केला. अशा फायलीत घर केव्हा बांधले, किती एकर नांगरले, कुटुंबात कोण कोण आहे, याची अर्जदाराची आणि दोन शेजाऱ्यांची शपथेवरची जबानी असते. या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात मागवता येतात, आणि एखाद्या बाईच्या घराची आणि संसाराची माहिती तिच्या स्वतःच्या कोणत्याही कागदापेक्षा तिथे जास्त मिळते.

1890 च्या शिरगणतीचा मात्र उपयोग नाही. 1921 च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, तीत आणि नंतरच्या हेळसांडीत ती जवळजवळ संपूर्ण गेली. 1900 आणि 1910 च्या तक्त्यांत मात्र विवाहित बायकांना किती मुले झाली आणि किती हयात आहेत असे विचारलेले आहे. या दोन आकड्यांत फरक दिसला, की कुठेतरी नाव न लागलेले एक मूल आहे असे समजून दफनभूमीच्या याद्या पाहायला लागावे.

ज्यांची पणजी नॉर्वेहून आली असेल त्यांनी वडिलांच्या नावावरून पडलेले नाव आणि शेताचे नाव या दोन्हींनी शोधावे. तिथल्या चर्चची दप्तरे संगणकावर मोफत पाहता येतात. ज्या बाईच्या घरचा कोणी अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढायला गेला असेल तिच्या शोधासाठी सैनिकांच्या पेन्शनच्या फायली पाहाव्यात. कॅरोलाइनचा भाऊ जोसेफ 1862 मध्ये शायलोच्या लढाईतील जखमांनी गेला. अशा सैनिकाच्या विधवेला लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत, आणि त्यासाठी कित्येकींनी बायबलमधली पाने फाडून वॉशिंग्टनला धाडली. ती आजही फायलींत आहेत.

आणि ज्यांच्या घरात कोणी वृद्ध माणूस हयात आहे त्यांनी दप्तरांच्या आधी त्याच्याकडे जावे. कॅरोलाइन गेल्यानंतर, 1925 मध्ये, लॉराने आपली मावशी मार्था कार्पेंटर हिला पत्र लिहून आईच्या बालपणीच्या हकीकती विचारल्या. मावशी तेव्हा अतिशय वृद्ध होती, तरी तिने उत्तर लिहिले. आज विचारायला बसलात तर जन्मतारखा आधी विचारू नका, त्या कुठेही मिळतील. लग्नाआधी कोणत्या घरात राहत होता, शेजारी कोण होते, घरी पाहुणे कोण येत, आणि लहानपणी गेलेल्या भावंडांची नावे काय होती, एवढे विचारा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या.