दाढ ठणकते त्या रात्री

श्रोतेहो, नमस्कार.

आत्ता हे ऐकताना तुमच्यापैकी कुणाचा तरी हात गालावर असेल. आज जेवण एकाच बाजूनं झालं असेल, शेवभाजीचा रस्सा लागला तशी कळ डोक्यात गेली असेल, आणि "दवाखान्यात चल" म्हणतील म्हणून घरात कुणाला सांगितलंही नसेल. मला आज त्या माणसाशी बोलायचं आहे.

माझं बालपण अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. आठवडी बाजारात एक माणूस चादर अंथरून बसायचा आणि चिमट्यानं दात काढायचा. भूल वगैरे काही नाही. मी आठ वर्षांचा होतो. काकांनी त्याच्याकडून दाढ काढून घेतली आणि त्या वेळी आधाराला माझं डावं मनगट धरलं. त्यांची ती पकड माझ्या अंगात राहिली. पुढं तीस वर्षं मी दाताच्या दवाखान्याची पायरी चढलो नाही. म्हणून दाताच्या डॉक्टरला घाबरणाऱ्याला कुणी भित्रा म्हटलं की मला वाईट वाटतं. त्या भीतीमागं बहुतेक वेळा खरंच काहीतरी घडलेलं असतं.

मग एका मे महिन्यात माझी खालची दाढ ठणकायला लागली. लाईट गेलेली, आम्ही सगळे गच्चीवर झोपलेलो. बसलो की जरा बरं वाटायचं, आडवा झालो की ठोके पडायचे. त्याचं कारण मला नंतर कळलं. दाताच्या आत मऊ गर असतो, त्यालाच आपण नस म्हणतो. कीड तिथवर पोचली की गर सुजतो, पण भोवती दाताच्या टणक भिंती असल्यानं सुजेला पसरायला जागा मिळत नाही. आडवं झालं की डोक्याकडं रक्त जास्त येतं, आतला दाब आणखी वाढतो. म्हणून दातदुखी रात्रीची वैरीण.

आईनं लवंग दिली. लवंगेतल्या तेलानं जागा थोडा वेळ बधिर होते, हे खरंच आहे. पण नुसतं तेल जास्त लावलं तर हिरडी भाजते. शेजारच्या आजींनी मशेरी लावायला सांगितली. आयाबहिणींनो, हे मी हात जोडून सांगतो: दाढ दुखते म्हणून लावलेली मशेरी पुढं सुटत नाही. ती भाजलेली तंबाखू आहे आणि तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो. दाढेची कीड तर तिथंच राहते. आजी आणखी एक म्हणाल्या, "वरना दात काढा का डोया जास." म्हणजे वरचा दात काढला की डोळा जातो. हे मी अनेक गावांत ऐकलं आहे. तसं होत नाही. डोळ्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी. या एका समजुतीपायी माणसं वरची किडकी दाढ वर्षानुवर्षं सांभाळत बसतात.

तिसऱ्या दिवशी माझं दुखणं आपोआप थांबलं. मी देवाला नारळ फोडला. दाढ बरी झाली नव्हती, नस मेली होती. पंधरा दिवसांनी गाल सुजला, ताप आला आणि जावंच लागलं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "भीती कशाची वाटते?" मी काकांचं सांगितलं. ते म्हणाले, "डावा हात वर करा, मी त्या क्षणी थांबेन." आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावलं, मग हळूहळू इंजेक्शन दिलं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि भुलेचं औषध तिथं कमी चालतं, म्हणून मला एकाऐवजी दोन इंजेक्शनं घ्यावी लागली. सुईच्या भीतीनं थांबलो आणि सुया वाढल्या. मी चार वेळा हात वर केला, ते चारही वेळा थांबले. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेलं लिग्नोकेन हे भुलेचं औषध आज आपल्या तालुक्याच्या गावातही मिळतं. बाजारातल्या त्या चादरीवर काकांच्या वाट्याला ते आलं नव्हतं.

आता आजच्या रात्रीपुरतं. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरा. गालावर बाहेरून गार पाण्याची पट्टी ठेवा. शेक देऊ नका. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. मोठ्या माणसानं पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या सहा-सहा तासांनी घ्याव्यात, २४ तासांत आठाच्या वर नकोत. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू होत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी गिळायची असते. हिरडीवर दाबून ठेवली तर तिथं जखम होते. मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणू नका, सुजलेल्या नसेचा ठणका त्यानं थांबत नाही.

एक मात्र सकाळपर्यंतही थांबवू नका. जबड्याखाली किंवा गळ्याकडं सूज उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, श्वास लागला, तर रात्रीच मोठं रुग्णालय गाठा. ती सूज श्वासाची वाट बंद करू शकते.

बाकीच्यांनी उद्या सकाळीच जा, दिवसभर धास्ती घेऊन बसू नका. जळगावला, धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दंतविभाग आहे, धुळ्यात दंत महाविद्यालयही आहे; तिथं खर्च कमी येतो. भाकरी खाऊन निघा, घरचं कुणीतरी सोबत घ्या. आणि खुर्चीत बसण्याआधी एवढं म्हणा: "डॉक्टर, मला भीती वाटते. काय करणार ते आधी सांगा, आणि मी हात वर केला की थांबा."

नमस्कार.